बारीक होण्याचे औषध

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. दिवाळी होऊन आठ-पंधरा दिवस झाले होते. उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालू झाल्या होत्या. आम्ही ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. इतक्यात मोटारसायकलवरून एक पोरगा आला. त्याच्या पाठीवर भली मोठी पिशवी होती.

"गुरुजी, पार्सल आहे. १,९९९ रुपये द्या," तो म्हणाला.

आम्हाला वाटले, चिरंजीवांनी विहिरीवरच्या मोटारीचा काही भाग मागवला असेल. आम्ही हाक मारणार, तोच सूनबाई लगबगीने बाहेर आल्या. दुधाच्या पगारातून बाजूला टाकलेले पैसे त्यांनी पोराच्या हातावर ठेवले. पुडके पदराखाली घेतले अन् आत गेल्या. आम्ही काही विचारले नाही. विचारायला हवे होते.

वीस-बावीस दिवसांनी मध्यरात्री चिरंजीवांनी आम्हाला उठवले. सूनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात थरथरत होते. अंगाला घाम सुटला होता.

"मामा, छातीत नुसतं धडधडतंय. चार रात्री झोप नाही मला," त्या म्हणाल्या.

तशाच रात्री जीप काढून तालुक्याच्या गावी नेले. तिथले डॉक्टर आमचेच विद्यार्थी. त्यांनी नाडी पाहिली. मिनिटाला १३० ठोके पडत होते. रक्तदाबही चढलेला. डॉक्टरांनी विचारले, "ताई, काही औषध चालू आहे का?" सूनबाई गप्प. डॉक्टर शहाणे. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढले. मग आत बोलणे झाले.

बारीक होण्याच्या कॅप्सूल चालू होत्या. मोबाइलवर जाहिरात पाहून मागवलेल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. डब्यावर झाडाच्या पानाचे चित्र होते. आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही, असे विकणाऱ्याने फोनवर सांगितले होते.

"गुरुजी, तो डबा घेऊन या. त्यात काय आहे ते कळलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

आम्ही पहाटे घरी आलो. पाहतो तो डबा नाही. आमच्या घरच्या मंडळींनी रागाच्या भरात तो चुलीत घातला होता. कॅप्सूल, डबा, कागद, सगळे जळून गेले.

दोन दिवस दवाखान्यात काढल्यावर सूनबाई बऱ्या झाल्या. देवाची कृपा अन् डॉक्टरांची हुशारी. पण त्या कॅप्सूलमध्ये काय होते, ते आजपर्यंत कोणालाही कळलेले नाही, अन् आता कळणारही नाही. त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती गोळा करायला लागलो. डॉक्टरांना विचारले, औषधांच्या दुकानदाराला विचारले, छापील कागद वाचले. जे समजले ते इथे लिहीत आहोत.

आधी एक कबुली देतो. सूनबाईंनी हे चोरून का केले? दोन बाळंतपणे झाली. अंग सुटले. मग लग्नाला जावे तर कोणी म्हणणार, "काय गं, कुठल्या चक्कीचं पीठ खातीस?" हळदीकुंकवाला जावे तर तिथेही तेच. अन् आम्ही तरी काय वेगळे? एकदा जेवायला बसलो असता आम्हीही थट्टा केली होती. सगळे हसले. सूनबाईही हसल्या. त्या हसण्याचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला. चाळीस वर्षे शाळेत पोरांना शिकवले, घरातल्या माणसाचे तोंड वाचता आले नाही.

माणसाला लाज वाटली की तो डॉक्टरकडे जात नाही. मोबाइल मात्र लाज आणत नाही. तो काही विचारत नाही, कोणाला सांगत नाही. एकदा तुम्ही बारीक होण्याचा उपाय शोधला, की त्याच त्याच जाहिराती पुन्हा पुन्हा समोर येतात. "एका महिन्यात १० किलो कमी. व्यायाम नको. पथ्य नको. घरपोच मिळेल." आपल्याकडे म्हण आहे, पी हळद अन् हो गोरी. त्यातला हा प्रकार. जाहिरातीत पांढरा कोट घातलेला डॉक्टर बोलतो. तो डॉक्टर खरा असेलच असे नाही. अलीकडे संगणकाच्या मदतीने कोणाचाही चेहरा अन् आवाज घेऊन खोटे चित्र बोलके करता येते. नावाजलेल्या डॉक्टरांच्या तोंडी अशी वाक्ये घातली जातात, अन् त्या डॉक्टरांना त्याचा पत्ताही नसतो.

वजन वाढणे हा काही लाजेचा विषय नाही. तो आरोग्याचा विषय आहे, अन् तो आता खेड्यातही आला आहे. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी केली. १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमध्ये २४ जणींचे वजन प्रमाणाबाहेर निघाले. पुरुषांमध्ये १०० मागे २३. वजन फार वाढले की साखरेचा आजार, रक्तदाब, गुडघेदुखी मागे लागते. तेव्हा वजन कमी करावे असे वाटणे चूक नाही. चूक आहे ती नाव-गाव नसलेल्या माणसाच्या हातचे औषध पोटात घालण्यात.

अशा कॅप्सूलमध्ये काय काय असू शकते, ते आता पाहू.

कधी कधी काहीच नसते. नुसते पीठ किंवा खडूची भुकटी. तेव्हा पैसे गेले, जीव वाचला. तेही नशीबच म्हणायचे.

कधी जुलाबाचे नाही तर लघवी जास्त होण्याचे औषध असते. ते घेतल्यावर दोन-तीन दिवसांत वजन खरोखरच उतरते. माणूस खूष होतो. पण उतरते ते काय? आपला कांदा चाळीत ठेवला की सुकतो अन् गोणीचे वजन घटते. कांदे तेवढेच असतात. त्यातले पाणी गेलेले असते. तसेच हे. चरबी होती तिथेच राहते, पाणी तेवढे जाते. पाण्याबरोबर अंगातले क्षारही जातात. मग पायात गोळे येतात, चक्कर येते, अन् क्षार फारच कमी झाले तर हृदयाचा ठोका चुकतो.

आणखी वाईट म्हणजे, झाडपाल्याचे म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये कारखान्यातले जोरदार औषध गुपचूप मिसळलेले असते. सिबुट्रामिन नावाचे एक औषध आहे. पूर्वी ते वजन कमी करण्यासाठी डॉक्टर देत असत. त्याने भूक मरते. पण नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो. हृदयरोग असलेल्या माणसांना त्याने झटके अन् पक्षाघात जास्त होतात, असे मोठ्या तपासणीत दिसून आले. म्हणून २०१० साली युरोप-अमेरिकेत ते बाजारातून काढले. २०११ साली आपल्या सरकारनेही त्याच्यावर बंदी घातली. तरी अजून निरनिराळ्या देशांतल्या सरकारी प्रयोगशाळांना 'शुद्ध वनस्पती' असे लिहिलेल्या डब्यांत हेच सिबुट्रामिन सापडते. विकणाऱ्याचे गणित सोपे आहे. नुसत्या पाल्याने गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. फरक पडला नाही तर दुसरा डबा खपत नाही. आमच्या डॉक्टरांचा तर्क असा की सूनबाईंच्या कॅप्सूलमध्ये असेच काहीतरी असावे. पण तर्क तो तर्क.

या सगळ्याहून भयंकर एक पिवळी भुकटी आहे. डायनायट्रोफिनॉल हे तिचे नाव. इंग्रजीत तिला थोडक्यात डीएनपी म्हणतात. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ च्या सुमारास, फ्रान्समध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत ही भुकटी वापरत. तिथले कामगार रोडावू लागले. त्यांना ताप यायचा, घामाच्या धारा लागायच्या. काही दगावले. पुढे १९३३ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी तीच भुकटी लठ्ठ माणसांना देऊन पाहिली. वजन झपाट्याने उतरले. मग काय, झुंबड उडाली. सुमारे एक लाख माणसांनी ती घेतली असे सांगतात. लवकरच माणसे मरू लागली. तरण्याताठ्या बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. १९३८ साली अमेरिकेने औषधांचा नवा कडक कायदा केला, अन् तिची विक्री बंद झाली.

ही भुकटी अंगात काय करते? आपण जेवतो ते अन्न शरीरात हळूहळू जळते. त्या जळण्यातून हातापायांना काम करण्याची शक्ती मिळते. चूल पेटवली, वर तवा ठेवला, भाकरी झाली, तसे. ही भुकटी तवाच काढून टाकते. चुलीत जाळ भडकत राहतो, लाकडे संपत जातात, पण भाकरी काही होत नाही. सगळी शक्ती उष्णता होऊन अंगातच साठते. ताप १०४, १०५, त्याच्याही पुढे चढतो. अन् यावर उतारा नाही. डॉक्टरांच्या हाती बर्फ अन् सलाईन, एवढेच.

इतके होऊनही ती भुकटी गेली नाही. मोबाइल अन् संगणकाच्या बाजारात पुन्हा आली. २०१५ साली इंग्लंडमध्ये २१ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने बारीक होण्यासाठी तिच्या कॅप्सूल घेतल्या अन् ती मेली. विकणारा माणूस परदेशातून भुकटी मागवायचा अन् लंडनमधल्या एका राहत्या खोलीत कॅप्सूल भरायचा. २०२० साली न्यायालयाने त्याला मनुष्यवधाबद्दल सात वर्षांची कैद सांगितली. विलायतेसारख्या देशात, जिथे कायदा कडक म्हणतात, तिथे हे झाले.

आता नव्या इंजेक्शनांकडे येऊ. त्यांचे नाव हल्ली शहरात जो तो घेतो. आपल्या नगरातही घेतात. ही औषधे खरी आहेत, शास्त्राने तपासलेली आहेत. सेमॅग्लुटाइड अन् टिर्झेपटाइड ही त्यांची मूळ नावे. टिर्झेपटाइड 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले. सेमॅग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन 'वेगोव्ही' या नावाने जून २०२५ मध्ये आले. आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचायचे. पोटात अन्न गेले की आतड्यातून एक रस सुटतो अन् तो मेंदूला सांगतो, "पुरे झाले." ही औषधे त्या रसासारखे काम करतात. जेवण पोटात जास्त वेळ राहते, भूक कमी लागते. साखरेच्या आजारावरही ती देतात.

औषध खरे असले म्हणजे ते कोणीही, कसेही घ्यावे असे नव्हे. मळमळ, उलट्या, जुलाब बऱ्याच जणांना होतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटुशी बाईला हे औषध चालत नाही. घराण्यात एका विशिष्ट जातीचा थायरॉइडचा कर्करोग असेल तर देत नाहीत. आधीच इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली येण्याची भीती. हे सगळे विचारायला डॉक्टर लागतो.

शिवाय मात्रा अगदी बारीक असते. सेमॅग्लुटाइडची सुरुवात आठवड्याला पाव मिलिग्रॅमने करतात. एका ग्रॅमचे हजार भाग करा. त्यातला एक भाग घ्या. त्याचाही चौथा हिस्सा. पुढे महिन्या-महिन्याने वाढवतात. काही विक्रेते आता कुपीत भुकटी पाठवतात अन् सांगतात, घरीच पाण्यात कालवा अन् सुईने घ्या. अमेरिकेत कुपीतून स्वतः औषध ओढून घेताना माणसांनी ठरल्यापेक्षा ५ ते २० पट मात्रा घेतल्याचे प्रकार घडले, असा इशारा तिथल्या सरकारने २०२४ साली दिला. शिकलेल्या माणसांचा तिथे हिशेब चुकला.

अन् नकली मालाचे काय? ज्या मालाला मागणी, त्याची नक्कल. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जाहीर केले की नकली सेमॅग्लुटाइड ब्राझील, इंग्लंड अन् अमेरिकेत सापडले आहे. त्याच्या आधी, २०२३ साली, ऑस्ट्रिया देशात अशी इंजेक्शने घेतलेली काही माणसे फेफरे येऊन दवाखान्यात पडली. त्यांची रक्तातली साखर एकदम उतरली होती. आत सेमॅग्लुटाइडऐवजी इन्सुलिन भरले असावे असा तिथल्या अधिकाऱ्यांनी निष्कर्ष काढला. साखरेचा आजार नसलेल्या माणसाला नकळत इन्सुलिन टोचले तर तो बेशुद्ध पडतो. घरात एकटा असला तर उठतही नाही.

आणखी एक साधी गोष्ट. ही इंजेक्शने वापरायला काढीपर्यंत २ ते ८ अंश थंडीत ठेवावी लागतात. आपल्या जनावरांच्या दवाखान्यात लाळ्या-खुरकताची लस येते, ती कशी येते आठवा. बर्फाच्या डब्यात. डबा उन्हात राहिला तर डॉक्टर ती लस जनावराला टोचत नाहीत. मग मे महिन्यात, नगरच्या ४० अंशांच्या उन्हात, पत्र्याच्या गाडीतून तीन दिवस फिरून आलेले इंजेक्शन माणसाला कसे चालेल?

किमतीवरूनही थोडे कळते. मौंजारो आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे चार आठवड्यांचे १४,००० रुपये. अन् इथे कोणी म्हणतो, तेच औषध महिनाभराचे १,९९९ मध्ये घ्या. बाजारात पंचवीस हजारांची म्हैस कोणी तीन हजारांना देऊ लागला, तर आपण आधी तिचे दात पाहू, मग धनी कोण ते विचारू.

कोणी म्हणेल, गुरुजी, नकली माल काय फक्त मोबाइलवरच मिळतो का? नाही. खरे सांगायचे तर तो सरकारी दवाखान्यापर्यंतही पोहोचला आहे. २०२३ साली नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून जंतू मारण्याच्या गोळ्यांचे नमुने घेतले. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला, गोळ्यांत औषधच नाही. पोलिसांनी माग काढला. तो थेट हरिद्वारच्या एका जागेपर्यंत गेला. तिथे पिष्ट अन् अंगाला लावायची पावडर मिसळून गोळ्या पाडत होते, असे पोलिसांनी सांगितले. गोरगरिबांचे ताप अन् जखमा या गोळ्यांवर सोडलेल्या होत्या. ऐकून आमच्या अंगावर काटा आला.

पण यातला फरक ध्यानात घ्या. कळमेश्वरला नमुना घेणारा औषध निरीक्षक होता. गोळ्या कोणी पुरवल्या, त्याचे कागद होते. कागदाला धरून पोलीस एकेक पायरी मागे गेले. मोबाइलवरच्या विक्रेत्याचा असा कागद कुठे असतो? तुमच्या हाती एक फोन नंबर. तोही दुसऱ्या दिवशी बंद.

आपण शेतकरी माणसे. बियाणे कसे घेतो? परवाना असलेल्या कृषी सेवा केंद्रातून घेतो. पक्के बिल मागतो. पिशवी अन् तिचा टॅग पीक निघेपर्यंत जपून ठेवतो. उगवले नाही तर टॅग घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे जातो. पारावर झोळी घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाकडून कपाशीचे बी कोणी शहाणा घेत नाही. बोगस बियाण्याने एक हंगाम बुडतो. औषधाने काय बुडेल, ते सांगायला नको.

औषधाच्या बाबतीतही कायद्याने हीच तजवीज केलेली आहे. १९४० सालचा औषधांचा कायदा आहे. औषधाच्या दुकानाला परवाना लागतो. तो भिंतीवर लावलेला असतो. दुकानात शिकलेला, नाव नोंदलेला औषधविक्रेता असावा लागतो. जोखमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. आयुर्वेदिक औषध बनवायलाही परवाना लागतो अन् डब्यावर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता अन् परवाना क्रमांक छापावा लागतो. काही डब्यांवर १४ आकड्यांचा एफएसएसएआयचा क्रमांक असतो. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे. औषधाचा नव्हे. फरसाणाच्या पुड्यावरही तोच असतो.

जाहिरातीचे तर फारच जुने आहे. १९५४ साली एक कायदा झाला. अमक्या औषधाने तमका रोग हटतो अशा भूलथापांच्या जाहिराती त्याने बंद केल्या. कोणकोणत्या रोगांच्या, त्याची यादी कायद्याला जोडली आहे. त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे महिन्यात दहा किलो कमी करण्याची जाहिरात हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा सत्तर वर्षांचा म्हातारा झाला, तरी जाहिराती रोज मोबाइलवर दिसतात, ही मात्र खेदाची गोष्ट आहे.

मग मोबाइलवरून औषध मागवूच नये काय? नगरसारख्या ठिकाणी परवानाधारक दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला औषध घरपोच देतो. आधी चिठ्ठी पाहतो, सोबत बिल देतो. त्याचे दुकान आपल्याला ठाऊक असते. त्याची गोष्ट निराळी. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये विनापरवाना ऑनलाइन औषधविक्री थांबवण्याचा हुकूम दिला होता. तरी मोठ्या नावाच्या बाजारातही घोटाळे होतात. २०२२ साली आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वतःच गिऱ्हाईक बनून गर्भपाताच्या गोळ्या ऑनलाइन मागवून पाहिल्या. कोणी चिठ्ठी मागितली नाही. गोळ्या बिनबोभाट आल्या. मग मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. तेव्हा आमचा ठोकताळा एवढाच. जो विकणारा चिठ्ठी मागत नाही, त्याच्याकडून चिठ्ठीचे औषध घेऊ नका, मग तो कितीही मोठा असो.

तुम्ही नुकते वाचायला शिकला आहात. औषधावरची अक्षरे बहुधा इंग्रजीत असतात. हा आपल्यावर अन्यायच आहे, असे आमचे मत. पण काही खुणा न वाचताही ओळखता येतात. चिठ्ठीच्या औषधाच्या लेबलावर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभी तांबडी रेघ असते. ती दिसली की समजावे, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचे नाही. बाकीचे, म्हणजे बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच नंबर, मुदतीची तारीख, हे शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. आकडे तर तुम्हाला येतातच. मुलांना आनंद वाटतो, अन् त्यांनाही शिकायला मिळते.

वजनाचे खरोखर काही करायचे असेल तर गावाजवळच्या उपकेंद्रात जा. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब अन् रक्तातली साखर तिथे फुकट तपासतात. आशाताईंना विचारा, त्या वार सांगतील. सूनबाई आता महिन्यातून एकदा तिथे जातात. थायरॉइडही तपासून घेतला. तो बिघडलेला निघाला. म्हणजे वजन वाढायला तेही एक कारण होते अन् त्यावर स्वस्त गोळी आहे, हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते. पाच महिन्यांत चार किलो उतरले आहे. जाहिरातीत बसणार नाही इतके थोडे.

अन् घरात कोणी असे औषध घेतच असेल तर? आधी रागावू नका. रागावले की माणूस लपवतो. औषध बंद करून डॉक्टरला दाखवा. धाप, छातीत धडधड, फार ताप, घाम, बेशुद्धी यातले काही झाले तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा. डबा, उरलेल्या कॅप्सूल, पार्सलचा कागद, पैसे दिल्याची पावती, सगळे एका पिशवीत घालून दवाखान्यात न्या. काही जाळू नका, टाकू नका. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा फुकट फोन आहे, १८००-२२२-३६५. ग्राहकांसाठी १९१५ आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० लावा.

फोनवर बोलणे जमत नसेल तर अर्ज लिहावा. सूनबाईंनी आपल्या हाताने लिहिलेला अर्ज नमुना म्हणून खाली देतो. त्यांची परवानगी घेतली आहे.

"मा. सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन, अहिल्यानगर यांस.
महोदय,
मी मोबाइलवरील जाहिरात पाहून वजन कमी करण्याच्या ६० कॅप्सूल मागवल्या. त्यासाठी १,९९९ रुपये रोख दिले. विकणाऱ्याने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही. बिल दिले नाही. कॅप्सूल २१ दिवस घेतल्यावर माझ्या छातीत धडधड होऊन मला दवाखान्यात ठेवावे लागले. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. विकणाऱ्याचा फोन नंबर अन् पार्सलवरचा चिकटवलेला कागद जोडला आहे. कृपया चौकशी करावी.
आपली नम्र,"

खाली सही केली. आमच्या घरात मोबाइलच्या अर्जावर अंगठा दाबायची सवय झाली होती. त्या दिवशी पूर्ण नाव लिहिले.

आठवड्याने एक अधिकारी घरी आले. सभ्य मनुष्य. त्यांनी तो नंबर लावून पाहिला. बंद होता. पार्सलवरचा पत्ता दुसऱ्या राज्यातल्या एका गाळ्याचा होता. तिकडच्या कचेरीला लिहितो, असे ते म्हणाले. मग त्यांनी वही उघडली अन् विचारले, "कॅप्सूल शिल्लक आहेत का? एक असली तरी तपासता येईल."

आमच्या घरच्या मंडळींनी चुलीकडे पाहिले अन् मान खाली घातली.